आश्रुबाची फिरती रात

आंधळ्याला रात काय अन् दिवस काय, असं गावात कुणीही सहज बोलून जाई. बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसे. सत्यभामा लग्न होऊन आली तेव्हा तिलाही ते खरंच वाटलं होतं. पुढे संसारात तिच्या ध्यानात आलं की आश्रुबाला रात होती, दिवसही होता. फक्त तो गावाच्या रातदिवसाला धरून चालत नव्हता.

पाटोद्याच्या वरच्या अंगाला, बालाघाटाच्या माळावर त्यांचं गाव. आश्रुबा तान्हेपणातून नुकता उठून चालू लागला होता तेव्हा त्याला देवी आल्या. जीव वाचला, डोळे गेले. पापण्या वाळल्या शेंगेसारख्या मिटून आत गेल्या. उजेड म्हणजे काय हे त्याला आठवतसुद्धा नव्हतं. ऊन त्याला ठाऊक होतं, ते अंगाला लागायचं म्हणून. आई छबुबाईनं त्याला घायपाताचे दोर वळायला शिकवलं आणि त्याची दावी, कासरे, मुसक्या आसपासच्या बाजारांत जाऊ लागल्या. गावात सहकारी दूध संस्था निघाली तेव्हा अध्यक्ष सुंदररावांनी त्याला आणखी एक काम दिलं. संस्थेच्या दारात रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा टांगलेला होता. पहाटे दूध घ्यायची वेळ झाली की आश्रुबानं त्यावर लोखंडी कांब हाणायची. तो टोल सगळ्या गावानं ऐकायचा. लेकरं त्या टोलावर उठायची, बाया त्या टोलावर चूल पेटवायच्या.

तो टोल वेळेवर पडावा म्हणून सत्यभामानं आयुष्यभर काय केलं, हे गावाला माहीत नव्हतं.

काही दिवस आश्रुबा चारचौघांसारखा निजायचा. मग नीज हळूहळू पुढं सरकायची. भाकर खाऊन आडवा होणारा माणूस देवळातलं भजन सुटेस्तोवर जागा राहायचा, मग कोंबडा आरवेस्तोवर. पुढं तर उन्हं वर आली की त्याला गुंगी यायची आणि भर दुपारी तो मेल्यासारखा निजायचा. असं करत करत, विहिरीवरचा रहाट फिरून यावा तशी त्याची नीज पुन्हा गावाच्या रातीला येऊन मिळायची. तिथंही ती टिकायची नाही. सरकत्या दिवसांत सत्यभामा त्याला पहाटे हलवून उठवायची, तोंडावर पाणी मारायची, हाताला धरून संस्थेच्या दारात उभं करायची. टोल पडायचा. मग ती पाण्याला जायची, तिथून कुणाच्या तरी रानात खुरपायला. दुपारी घरी यावं तर हा गाढ झोपलेला.

छबुबाई जिवंत होती तोवर म्हणायची, पोराला अवसपुनवेचं लागतं. तिनं दर्ग्यातून ताईत आणला, लक्ष्मीआईला नवस बोलली. सत्यभामाला यातलं काहीच पटलं नाही. तिनं आपलं कारण शोधून ठेवलं होतं. सोंग. कामाचा कंटाळा आला की नीज येती, दुसरं काय. दुपारच्या उन्हात पाण्याची घागर खाली टेकवताना ती हे मोठ्यानं म्हणायची. आश्रुबा जागा असला तर दोर वळता वळता ऐकून घ्यायचा. आपल्याला असं का होतं, हे त्यालाही कोडंच होतं.

दोन हजार तेराच्या उन्हाळ्यात टोल बंद पडला. लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले होते. दूध इतकं आटलं की संस्थेनं पहाटेचं संकलनच थांबवलं. जनावरं जगवायची म्हणून सरकारनं चारा छावण्या मंजूर केल्या, त्यातली एक या संस्थेनं चालवायला घेतली. माळावर हिरव्या जाळीचे लांबच लांब मांडव पडले. बाहेरून उसाच्या मोळ्या आल्या, पेंडीची पोती आली, पाण्याचा टँकर येऊ लागला. घरटी एक माणूस जनावरांजवळ मुक्कामाला आलं. चारा रातोरात पाय फुटून जाऊ नये म्हणून खांबाखांबावर मोठाले दिवे लागले. सांज झाली की जनरेटर धडधडायला लागायचा आणि माळावर पांढरा उजेड पसरायचा तो सकाळ होईपर्यंत.

सत्यभामा आपली एकुलती लाल गाय घेऊन छावणीत आली. आश्रुबाही आला. टोल नाही, दोर घ्यायला गिऱ्हाईक नाही, घरी बसून करायचं काय?

एका सकाळी सुंदररावांनी समितीच्या माणसांना लिंबाखाली बोलावलं. रात्रीच्या राखणीला माणूस हवा होता. ज्याला बसवावं तो दुसऱ्या दिवशी चारा वाटायला उभा राहत नव्हता.

"आश्रुबाला बसवू की," संस्थेचा सचिव सर्जेराव म्हणाला. "त्याला रात काय अन् दिवस काय. दिवा बी लागायचा न्हाई."

लोक हसले. आश्रुबाही हसला.

"चेष्टा ऱ्हाऊ दे बे," सुंदरराव म्हणाले. "आश्रुबा, जमल का? जनावर सुटलं, दाव्यात पाय अडकला, कोन चाऱ्याकडं सरकलं, तुला कानावर कळंल. हाक मारायची, बस."

"जमल," आश्रुबा म्हणाला. त्यानं एवढ्या लगेच हो म्हटलेलं सत्यभामानं कधी ऐकलं नव्हतं.

आणि जमलंही. त्या दिवसांत त्याची नीज दुपारकडे झुकलेली होती, त्यामुळं रात्रभर तो लख्ख जागा असायचा. केसरबाई शेजारच्या दावणीची. विधवा बाई, तोंडानं फटकळ, तिचा सगळा जीव एका गाभण कालवडीत. एकदा सकाळी ती पितळीत चहा घेऊन आली आणि आश्रुबापुढं ठेवून म्हणाली, "भाऊ, काल तुमी हाक मारली न्हाई तर माजी कालवड दाव्यातच गुतून मेली असती." मग दुसरेही सांगू लागले. आश्रुबाच्या हाकेनं कुणाची म्हैस वाचली, कुणाच्या कडब्याची पेंडी. सर्जेरावानं त्याला एक जुनी बॅटरी आणून दिली. "तुझ्या काय कामाची न्हाई," म्हणाला, "पर राखणदाराजवळ असावी." आश्रुबा ती गळ्यात अडकवून मांडवांमधून फिरायचा. पाठ ताठ व्हायची. सत्यभामाला ते बघून बरं वाटायचं, पण पुढचंही तिला दिसत होतं.

दुपारची नीज संध्याकाळकडे सरकू लागली होती.

"आवो, सांगून टाका सुंदररावाला," ती एकदा गाईला पाणी पाजताना म्हणाली. "आता तुमची नीज फिरायला लागली. दुसरा मानूस बगा म्हनावं."

"काय सांगू? माजी नीज फिरती हाय म्हनून? लोक खिदळत्याल."

"मंग जागं ऱ्हावा. तुमच्याच हातात हाय."

आश्रुबानं गाईच्या दाव्याची गाठ चाचपली. मग म्हणाला, "तुला खरंच वाटतं, माज्या हातात हाय?"

तिनं बादली उचलली. तिला तसंच वाटत होतं.

तो झगडला. तंबाखूचा विडा दाढेला धरून ठेवायचा, मानेवर ओलं फडकं टाकायचा, बसायचं टाळून काठीवर भार देऊन उभा राहायचा. एके दिवशी सकाळी छावणी केसरबाईच्या हंबरड्यानं जागी झाली. कालवड सुटून पेंडीच्या पोत्यांशी गेली होती आणि पोटाला तडस लागेस्तोवर खाऊन बसली होती. डावी कूस नगाऱ्यासारखी फुगलेली. आणि दहा पावलांवर गव्हाणीला टेकून, काठी हातात, बॅटरी गळ्यात, आश्रुबा निजलेला.

गुरांचे डॉक्टर आले, कालवड वाचली. पण दुपार कलेपर्यंत ती गाभडली, पोटातलं वासरू गेलं.

केसरबाई रडली नाही. पदर कमरेला खोचून आश्रुबापुढं उभी राहिली. "भाऊ, तुमाला न्हाई जमत तर न्हाई म्हनायचं हुतं. मी माजी जागत बसले असते. तुमच्या भरवशावर निजले, हाच माजा कसूर."

माणसं जमली होती. कुणीतरी सत्यभामाकडं पाहिलं आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "मला काय बगता? जलमभर सोंगंच केली त्यानं. आज तुमाला दिसली."

आश्रुबानं गळ्यातली बॅटरी काढली, अदमासानं सर्जेरावाच्या दिशेला धरली. सर्जेरावानं ती घेतली. बाजाराच्या दिवशी समिती बसेल असं ठरलं. राखण तर गेलीच होती. संस्था पुन्हा सुरू झाल्यावर टोलही दुसऱ्याच्या हाती द्यावा, असं सर्जेरावाचं मत होतं. "ज्याला सोताची नीज आवरत न्हाई, तो गाव काय उठवनार?" त्याचं म्हणणं कुणी खोडलं नाही. आश्रुबा मांडवाच्या टोकाला जाऊन दोर वळत बसला. दोन दिवस तो सत्यभामाशी बोलला नाही. टोल गेला तर आपण कुणीच राहणार नाही, एवढंच तो तिसऱ्या दिवशी म्हणाला, तेही गाईला.

सत्यभामाचं स्वतःचंही काही ठीक नव्हतं. तिची जागा बरोबर दिव्याच्या खांबाखाली आली होती. डोळे मिटले तरी पापण्यांच्या आत पांढरं दिसायचं. त्यात वर्षभरापासून पाळी मागंपुढं होत होती, अंगातून मधूनच वाफ निघाल्यासारखं व्हायचं आणि पाठ घामानं भिजायची. कितीही थकली तरी नीज येत नव्हती. आणि दिवसा, शेण गोळा करताना, हातात पाटी असताना, डोळ्यांवर अशी काही झापड यायची की उभ्या उभ्या तोल जायचा. आयुष्यात कधी दुपारी न लवंडलेली बाई ती. एका दुपारी उसाच्या मोळीवर बसली आणि तिथंच कलंडली. केसरबाईनं कालवडीच्या दिवसापासून तिच्याशी अबोला धरला होता, पण हे पाहून तिच्यानं राहवलं नाही.

"नवऱ्याचं वारं लागलं का गं तुला? तू बी सोंग शिकलीस?"

सत्यभामा खडबडून उठली. केसरबाई चालू लागली होती. तो शब्द मात्र तिथंच राहिला, खड्यासारखा. सोंग तर नव्हतं हे. तिला जागं राहायचं होतं, शेण तसंच पडलं होतं. मग हे काय होतं?

त्याच आठवड्यात आरोग्य केंद्रातली डॉक्टरबाई छावणीत तपासणीला आली. तरुण होती, बोलायला मोकळी. बाया जाळीखाली दाटीवाटीनं बसल्या. कुणाचे गुडघे, कुणाची चक्कर. पण विचारलं की जवळजवळ प्रत्येकीचं एक गाऱ्हाणं होतंच, नीज येत नाही.

"येणार कशी?" डॉक्टरबाईनं वरच्या दिव्याकडं बोट दाखवलं. "आपल्या मेंदूत वाटाण्याहून लहान अशी एक ग्रंथी असते, गाठच म्हणा ना."

"गाठ?" केसरबाई दचकली. "म्हंजे आपरेशन?"

"नाही हो मावशी, चांगली गाठ. सगळ्यांना असते. अंधार पडला की ती रक्तात एक द्रव्य सोडते. मेलाटोनिन म्हणतात त्याला. ते अंगाला सांगतं, रात झाली, आता शांत व्हा. पण डोळ्यांत उजेड शिरत राहिला की ती गाठ हात आखडता घेते. अंगाला वाटतं, अजून दिवसच आहे. म्हणून रात्री नीज नाही आणि दिवसा झापड." मग तिनं पाळी जायच्या वयाचंही सांगितलं. त्या वयात बाईच्या रक्तातली काही द्रव्यं ओसरतात, अंगातून वाफा येतात, नीज मोडते. ते नाटक नाही, खुळेपणाही नाही. निजताना डोळ्यांवर पदर घ्या, दिव्याची तोंडं चाऱ्याकडं वळवून घ्या. आणि सकाळचं ऊन डोळ्यांना दिसू द्या, कारण अंगातलं घड्याळ रोज त्या उजेडावर मिळवून घेतलं जातं.

बाया माना डोलवत होत्या. सत्यभामा त्या शेवटच्या वाक्यापाशीच थांबली होती.

"बाई," ती म्हणाली, "अन् ज्याला डोळंच न्हाईत, त्यानं घड्याळ कशावर मिळवायचं?"

डॉक्टरबाईनं लिहिता लिहिता हात थांबवला. "कोण आहे असं?"

"आमचा मानूस."

"त्यांची नीज रोज थोडी थोडी पुढं सरकते का?"

सत्यभामा तिच्याजवळ सरकली. इतकी वर्षं हे तिनं कुणालाही या शब्दांत सांगितलं नव्हतं. "सरकती," ती म्हणाली. "फिरून परत जागंवर येती. परत सरकती."

डॉक्टरबाई उठून आश्रुबापाशी गेली. त्याच्या पापण्या पाहिल्या, उजेडाची काही जाणीव होते का विचारलं, मग त्याच्याजवळ मातीतच बसली. असं होतं हे तिनं पुस्तकात वाचलं होतं, असा माणूस मात्र तिला पहिल्यांदाच भेटत होता. सगळ्यांच्याच अंगात घड्याळ असतं, ती सांगू लागली, पण बहुतेकांचं ते दिवसापेक्षा जरासं लांब चालतं. डोळस माणसाचं सकाळच्या उजेडानं रोज जागेवर ओढलं जातं. ज्याच्या डोळ्यांत उजेड अजिबात पोचत नाही, त्याचं कधीकधी ओढलंच जात नाही. रोज थोडं मागं राहत राहत रात दिवसात जाते, दिवस रातीत.

आश्रुबानं हातातला दोर खाली ठेवला. "म्हंजे घड्याळ हाय माज्यात. बंद न्हाई."

"चांगलं चालू आहे."

"पर टोल ऐकू येत न्हाई त्याला."

"तसंच."

त्यानं तळवे मांडीवर पुसले. मग त्याचा चेहरा सत्यभामा उभी होती त्या बाजूला वळला. ती आहे हे त्याला कसं कळलं, कोण जाणे. "ऐकलंस का?" एवढंच म्हणाला.

त्याच द्रव्याची गोळी मिळते, असंही डॉक्टरबाई म्हणाली. रोज ठरल्या वेळेला घेतली तर कित्येकांचं घड्याळ हळूहळू ताळ्यावर येतं. पण मोठ्या दवाखान्यात दाखवून, विचारून घ्यायची. आंबाजोगाईला जा.

"गोळी घेतली तर मी तुमच्यावानी हुईन?"

"होऊ शकतं."

"बगू," आश्रुबा म्हणाला आणि दोर पुन्हा हातात घेतला.

डॉक्टरबाई गेल्यावर सत्यभामा गाईजवळ बसून राहिली. पहाटे तोंडावर मारलेलं पाणी तिला आठवत होतं. कितीदा ते तिनं रागानं मारलं होतं. ओला चेहरा पुसत, धडपडत तो संस्थेच्या वाटेला लागायचा. अंगात ऐन रात भरलेली असताना हा माणूस उभा राहून गावाला दिवस उगवल्याचं सांगत आला होता.

बाजाराच्या दिवशी समिती लिंबाखाली बसली. बोलावलं नसताना सत्यभामा गेली, डोक्यावरचा पदर नीट करून उभी राहिली. डॉक्टरबाईनं सांगितलं ते जमेल तसं सांगितलं. मेलाटोनिन हा शब्द तिला आठवला नाही, तिनं वाटाण्याएवढी गाठ सांगितली.

"झालं," सर्जेराव म्हणाला. "आता आंधळ्याच्या डोक्यात घड्याळ निघालं. चावी कोन देतंय वहिनी?"

"आजवर मीच देत आले, भावजी. तुमाला दिसलं न्हाई." ती सुंदररावांकडं वळली. "मी त्या दिशी चारचौघांत त्यास्नी सोंगाड्या म्हनले. ते खोटं हुतं. आता माजं ऐका. त्यांची नीज कुटं चाललीया ते मला कळतं. ते रातचं जागं असत्याल तवर त्यांना राखणीला बसवा. नीज रातीकडं सरकली की मी येऊन सांगंन, तवा मी बसंन. टोलाचं बी तसंच. टोल चुकला तर माज्या घरात येऊन बोला."

सुंदरराव हनुवटी खाजवत राहिले. तरुणपणी त्यांनी साखर कारखान्यात काही हंगाम काढले होते. "सर्जेराव," ते शेवटी म्हणाले, "कारखान्यात बी पाळ्या फिरत्यातच की. आमी एक आठवडा दिवसा निजायचो, एक आठवडा रातचं. तवा आमाला सोंगाडं कोन म्हनलं न्हाई. ह्याचं अंगच फिरत्या पाळीवर हाय, असं समजा."

"अन् केसरबाईच्या कालवडीचं काय?"

केसरबाई लांब उभी राहून ऐकत होती. ती कालवडीकडं निघून गेली. टोलाचा निर्णय पाऊस पडून संस्था सुरू होईस्तोवर पुढं ढकलला गेला. राखण महिनाभर सत्यभामानं म्हटलं तशी करून बघायची ठरली. दिव्यांची तोंडं मात्र त्याच दिवशी चाऱ्याकडं वळली, कारण नीज सर्जेरावालाही येत नव्हती.

आंबाजोगाईला जायचं राहिलं. सत्यभामानं दोनदा विषय काढला. आश्रुबा म्हणाला, पाऊस पडू दे. मग म्हणाला, "सगळी निजल्यावर गाव कसा वाजतो, ते तुला म्हाईत न्हाई सत्ये. गोळी घेतली की ते जाईल. जावं का ऱ्हावं, इचार करू दे." पूर्वी असं काही ऐकून ती चिडली असती. आता ती गाईच्या पाठीवर हात फिरवत राहिली.

एका दुपारी ती टँकरवरून पाणी घेऊन परतत होती. ऊन जाळीतून हिरवं होऊन खाली सांडलं होतं. आश्रुबाची नीज फिरून पुन्हा दुपारवर आली होती. गव्हाणीच्या आडोशाला तो तोंडावर उपरणं घेऊन निजला होता, रातभर राखण करून. चारा वाटणारा एक गडी त्याच्यापाशी उभा होता. "ओ आश्रुभाऊ," तो हाका मारत होता, "दावं तुटलंय, उठता का? भर दुपारचं काय निजता?"

सत्यभामानं पावलं उचलली. पण तिच्या आधी पलीकडच्या दावणीवरून केसरबाईचा आवाज आला. कालवडीला खरारा करता करता, मान वर न करता ती बोलत होती.

"उठवतोस कावून रे त्याला? त्याची रात चाललीया. आता नीज मोडशील अन् रातच्याला परत माजंच जनावर मरंल. दावं मी बांधून देते, चल."

गडी तिच्यामागं निघाला. सत्यभामानं डोईवरची घागर आवाज न करता खाली उतरवली.